उन्हाने तापलेला रस्ता आणि कुत्र्यामांजरांचे पंजे: तुम्ही काय करता?

रानवाटा:
मंडळी, जरा मदत हवीये. आमच्याकडे जिप्सी आहे, लॅब्रॅडोर, काळी कुळकुळीत, ऐन तारुण्यात. मी ऑफिसातून आले की साडेपाचच्या सुमारास तिला खाली नेते. तोपर्यंत ऊन उतरलेलं असतं, वाराही असतो थोडाफार, मला तरी काही त्रास होत नाही. पण गेटबाहेर पडलो की ही एक पाय उचल, दुसरा टेकव असं करत चालते आणि पट्टा ओढून ओढून कडेच्या मातीत शिरते. घरी आली की पंजे चाटत बसते. घरचे म्हणतात नाटकं आहेत, लाडावून ठेवलीयेस. पंजांखालच्या गाद्या उलटसुलट करून बघितल्या, फोडबीड काही नाही. तर प्रश्न असा की एवढ्या संध्याकाळी पण रस्ता तापलेला असतो का? आणि बूट घ्यावेत की ते पंजाला चोळायचं मेण मिळतं ते पुरे? घरापासून बागेपर्यंत सगळं डांबरच आहे, दुसरा रस्ता नाही.

शेपटीवाला:
नाटकं अजिबात नाहीत. ती मातीकडे ओढतेय म्हणजे सरळ सांगतेय तुम्हाला की इथे चटका बसतोय.
पहिली गोष्ट, हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून बघा, तळहात नाही. तळहाताची कातडी जाड असते, तो बराच वेळ सहन करतो. उलटा हात सात सेकंद आरामात ठेवता आला तर कुत्रं चालू शकतं. कोणी पाच सांगतं कोणी दहा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मनातल्या मनात मोजताना हात काढावासा वाटला की विषय संपला. आणि हे गेटच्या सावलीत करू नका हो, दिवसभर ऊन खाल्लेला रस्त्याचा मधला भाग असतो ना तिथे करा. बरेच लोक दारातच हात लावतात आणि निर्धास्त निघतात.

उष्णगणित:
रानवाटा, साडेपाचला रस्ता तापलेला असतो का, तर हो, चांगलाच असतो. आपण हवेचं तापमान बघतो, कुत्रं जमिनीवर चालतं, आणि या दोन आकड्यांत फार मोठा फरक असू शकतो. डांबर काळं असल्यामुळे अंगावर पडलेलं बहुतेक सगळं ऊन शोषून घेतं, वर थर जाड, त्यामुळे ती उष्णता आत साठत जाते आणि ऊन गेल्यावर हळूहळू बाहेर पडत राहते, सूर्य मावळल्यावरसुद्धा. लख्ख ऊन असेल आणि वारा पडलेला असेल तर हवा २५ अंश असताना डांबर ५० च्या वर जाऊ शकतं, हवा ३१ ला पोचली की ६० च्या आसपास. २५ अंश म्हणजे आपण ज्याला छान हवा म्हणतो ते! आणि ६० अंशाच्या पृष्ठभागावर माणसाची कातडी काही सेकंदांत भाजते.
म्हणून संध्याकाळी साडेपाच आणि सकाळी साडेपाच यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्रभर उष्णता सोडून सोडून रस्ता पहाटे सगळ्यात गार झालेला असतो.
सिमेंटचा रस्ता फिकट रंगामुळे डांबरापेक्षा कमी तापतो, पण भर दुपारी तोही चटका द्यायला पुरेसा असतो. लोखंडी झाकणं, जाळ्या, उतारावर टाकलेले पत्रे यांचं तर विचारूच नका. आणि ज्याच्यावर लोक हमखास फसतात ते म्हणजे प्लास्टिकचं हिरवं गवत. अमेरिकेत ब्रिगम यंग विद्यापीठात २००२ मध्ये कृत्रिम गवताचं मैदान मोजलं होतं, त्यात दिवसभराची सरासरी मैदानाची साधारण ४७ अंश आली, डांबराची ४३ आणि खऱ्या हिरवळीची फक्त २६. खरं गवत पानांतून पाणी सोडतं म्हणून गार राहतं, प्लास्टिक कुठून सोडणार. दिसायला हिरवं म्हणून कुत्र्याला त्यावर सोडायचं नाही.

साधाभोळा:
मला हे सगळं जरा अतीच वाटतंय. रस्त्यावरची कुत्री बघा, त्यांना कोण बूट घालतं आणि कोण उलटा हात लावून बघतं? हजारो वर्षं कुत्री अनवाणीच फिरतायत. राग मानू नका पण आपणच त्यांना नाजूक करून ठेवतो.

बोकोबा:
आला, आला, प्रत्येक धाग्यावरचा हा प्रतिसाद आला :)

शेपटीवाला:
राग कशाला मानू साधाभोळा, प्रश्न रास्त आहे. पण भर दुपारी दोन वाजता रस्त्यावरचं कुत्रं कुठे असतं ते एकदा बघून या. गाडीखाली, झाडाखाली, ओल्या मातीत खड्डा करून त्यात पोट टेकून. ते डांबर ओलांडतं ते पळत, आणि या सावलीतून त्या सावलीत. कधी निघायचं, कुठून जायचं, कुठे थांबायचं, सगळं ते स्वतः ठरवतं.
आपलं कुत्रं यातलं काहीच ठरवत नाही. वेळ आपण ठरवतो, रस्ता आपण ठरवतो, सिग्नलला उभं आपण करतो, ओळखीचं कोणी भेटलं की गप्पा आपण मारतो आणि ते बिचारं भर उन्हात पाय बदलत आपल्या तोंडाकडे बघत उभं राहतं. पट्टा आपल्या हातात आहे ना, मग जमिनीची चौकशी पण आपणच करायला हवी. त्याच्यात नाजूकपणाचा काही प्रश्नच नाही. आणि बरीच कुत्री धन्याच्या मागे इतकी वेडी असतात की चटके बसत असले तरी थांबत नाहीत, चेंडू टाकला की पळणार म्हणजे पळणारच. आमचं मागचं कुत्रं तसंच होतं, त्याच्या 'चालेल मला' वर भरवसा ठेवायची सोयच नव्हती.
आणि भटक्या कुत्र्यांचे पाय भाजत नाहीत असंही काही नाही, आपण त्यांचे पाय उचलून बघत नाही एवढंच.

निवांत_नाना:
शेपटीवाला यांच्याशी सहमत. गप्पा मारताना कुत्र्याला उभं करण्याचा मुद्दा तर अगदी पटला, चालत असताना प्रत्येक पाय निदान क्षणभर हवेत असतो, उभं राहिलं की चारही पाय तव्यावर.

साधाभोळा:
बरं, हे मान्य. पण मग सवयीने गादी घट्ट होते ना? दगडधोंड्यात फिरणाऱ्या कुत्र्यांची गादी चामड्यासारखी असते. आणि बर्फात कुत्री तासन् तास चालतात, त्यांचे पाय गोठत नाहीत, मग उन्हाचंच काय?

मलमपट्टी:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.
गादीची वरची कातडी कुत्र्याच्या अंगावरची सगळ्यात जाड कातडी, खाली चरबीचा थर. खरखरीत जमिनीवर चालून ती नक्की टणक होते, पण तो टणकपणा घासण्याला आणि टोचण्याला उपयोगी. भाजण्याच्या बाबतीत फार तर काही सेकंद जास्त मिळतील, जिवंत कातडी शेवटी तेवढ्याच तापमानाला भाजते.
बर्फाचं गणित वेगळं आहे. २०११ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कुत्र्याच्या पंजात शरीराकडून येणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि पंजातून परत जाणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना अगदी चिकटून असतात, त्यामुळे येणाऱ्या रक्तातली ऊब परतणाऱ्या रक्ताला मिळते आणि शरीर गार पडत नाही. ही सोय शरीरातली उष्णता वाचवायची. बाहेरून येणारा चटका अडवायला तिचा काही उपयोग नाही.
आता ज्यांना जास्त जपायचं त्यांच्याबद्दल. पिल्लांची गादी एकदम मऊ असते. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आणि मज्जातंतूंचा त्रास असलेल्यांच्या पायातली जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणजे भाजतंय हेच त्यांना कळत नाही. आणि पोहून किंवा अंघोळ करून आलेलं कुत्रं! भिजलेली गादी मऊ पडते, आणि पाण्यातून निघालं की तसंच तापलेल्या फरशीवर पळत सुटतं, बऱ्याच केसेस अशाच येतात.

रानवाटा:
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी उलटा हात लावून बघितला, चार मोजेपर्यंत काढला :( घरच्यांनाही लावायला लावला, आता नाटकं हा शब्द बंद झालाय. पण मग मी करू काय? पहाटे नेणं जमवते, पण संध्याकाळी तिला शी-शूसाठी तर न्यावंच लागणार. बूट की मेण ते सांगा ना.

निवांत_नाना:
आधी वेळेचं बघा हो, खरेदी नंतर. मी निवृत्त माणूस, माझं सोपं आहे हे कबूल, पण मोठी फेरी पहाटेच व्हायला हवी, संध्याकाळची फक्त उरकायची, सगळ्यात जवळच्या मातीपर्यंत आणि परत. आणि खरी दुसरी फेरी रात्री जेवणं झाल्यावर, तेव्हाही हात लावूनच. आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी चालणं कुत्र्याला पुरतं, त्याला डोकं वापरायला मिळालं पाहिजे. घरात त्याचा खाऊ जुन्या टॉवेलात गुंडाळून लपवा, खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात टाका, शोधत बसतं आणि नंतर ताणून देतं. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने असं काढलं तर कुत्रं काही जाड होत नाही (मालकाचं सांगता येत नाही).
दुसरं म्हणजे रस्त्याची बाजू बदला. संध्याकाळी ज्या बाजूला इमारतींची सावली दुपारपासून पडलेली असते ती बाजू बरीच गार असते. नुकतीच सावली आलेल्या जागेला फसू नका, ती अजून तापलेलीच असते.

उष्णगणित:
+१. नानांचा सावलीचा मुद्दा महत्त्वाचा. अवांतर: कोणी लेझरवालं तापमान मोजायचं पिस्तूल घेणार असेल तर डांबर, सिमेंट, माती यांच्यावर ते बऱ्यापैकी बरोबर दाखवतं, पण चकचकीत धातूवर हमखास कमी आकडा दाखवतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भाजणार तिथेच ते खोटं बोलतं. खेळणं म्हणून छान आहे, पण हाताची उलटी बाजू फुकट आहे.

शेपटीवाला:
आता बुटांचं. मी बूट वापरतो, पण आंधळेपणाने शिफारस करणार नाही.
चांगल्या बुटाला खाली जाड लवचिक रबराचा तळ आणि वर हवा खेळेल असं कापड हवं. फुग्यासारखे पातळ रबरी बूट मिळतात ते चिखलासाठी ठीक, उन्हासाठी नाहीत, पातळ रबरातून चटका आत येतो आणि पाय घामेजतो तो वेगळाच. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजातूनच, थोडाच येतो पण बंद रबरात तेवढा पुरे होतो कातडी खराब करायला.
माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करा, त्याच्या जोडीचा दुसरा पाय हलकेच उचला म्हणजे मापाच्या पायावर पूर्ण भार येईल, मग पंजा किती पसरतो तिथे दोन्ही कडांना खूण करा. हवेत उचललेल्या पंजाचं माप घेतलं की बूट घट्ट होणार हे नक्की. पुढचे पंजे बऱ्याच कुत्र्यांचे मागच्यांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे चारही एकाच मापाचे घेताना जपून. नखं कापलेली असू देत, नाहीतर बुटाच्या पुढच्या टोकाला टेकून दुखतात.
आणि पहिल्याच दिवशी चारही बूट घालून थेट रस्त्यावर नेऊ नका. घरात एक बूट, खाऊ, काढा. मग दोन. सुरुवातीला ते असं चालतं की तुम्ही हसून हसून लोळाल, गुडघे छातीपर्यंत उचलत. व्हिडिओ काढा, पण हसताना लक्ष असू द्या, कारण काही कुत्री खरंच घाबरून जागच्या जागी थिजतात. त्यांच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही.
फिरून आल्यावर बूट लगेच काढायचे, बोटांच्या मध्ये आणि वरच्या बाजूला असलेल्या त्या अंगठ्याच्या नखापाशी घासलंय का बघायचं. तिथली कातडी पातळ असते आणि पट्टी नेमकी तिथेच बसते.
शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बूट घातले की मालकाला चेव येतो. पाय वाचतात हो, पण बाकी कुत्रं उन्हातच असतं, आणि जमिनीपासून त्याचं पोट आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. बूट हे टाळता न येणारा डांबराचा तुकडा पार करायला आहेत, दुपारी फिरायचा परवाना म्हणून नाहीत.

मलमपट्टी:
शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून दहा वेळा अनुमोदन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश, ४१ च्या पुढे गेलं की उष्माघात, जिवावरचं काम. जिप्सी काळी आहे, म्हणजे ऊन जास्त शोषणार, आणि लॅब्रॅडोर आहे, म्हणजे ती स्वतःहून थांबणार नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापा टाकून अंग गार करणं पण नीट जमत नाही.
आणि मेणाबद्दल: मेण भेगांना, कोरडेपणाला, बर्फात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर बरं. उष्णता अडवायला त्याचा थर फारच पातळ, तापलेल्या डांबरावर ते मऊ होऊन निघून जातं आणि तुम्हाला मात्र वाटत राहतं की बंदोबस्त केलाय. उन्हाळ्यात गादी फुटलेली असेल तर रात्री थोडंसं लावा, चाटलं तरी चालेल असंच. झिंक असलेली माणसांची क्रीम किंवा टी-ट्री तेल लावू नका, पोटात गेलं तर विषबाधा होते. आणि रोज चोपडूही नका, गादी फार मऊ करून आपलाच तोटा.

रानवाटा:
म्हणजे बूट, आणि ते पण फक्त बागेपर्यंतच्या डांबरासाठी, तिथे गेल्यावर काढून टाकायचे. समजलं. मेणाचा नाद सोडला.
अजून एक, ती पंजे चाटते त्याचं काय? भाजलंय की नाही हे कसं ओळखू? काळ्या गाद्यांवर लाली दिसतच नाही.

मलमपट्टी:
काळ्या गादीवर रंग बघत बसू नका, स्पर्शाने आणि वागण्याने ओळखा. दोन्ही बाजूंचे पंजे एकाच वेळी हातात घ्या, एखादा जास्त गरम, ओलसर किंवा चिकट लागतो का. दाबल्यावर पाय ओढून घेते का. पृष्ठभाग अचानक गुळगुळीत झालाय का, वरचा खरखरीत थर कुठे सैल झालाय का, कडेला कातडी सुटलीये का. लंगडणं, उठायला नको म्हणणं, एकाच पंजाला सतत चाटणं. आणि एक लक्षात ठेवा, फोड लगेच दिसतीलच असं नाही, संध्याकाळी भाजलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी दिसू शकतं. तुमच्या वर्णनावरून जिप्सीला चटके बसतायत पण जखम नसावी, तरी चाटणं दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. नुसतं चाटणं ॲलर्जीमुळे किंवा बोटांमधल्या इन्फेक्शनमुळे पण असतं.
खरंच भाजलं तर आधी गार जागी घ्या, शक्यतो उचलून. साध्या नळाच्या गार पाण्याखाली पंजे किमान दहा मिनिटं धरा, जमलं तर वीस. लहान टबात उभं केलं तरी चालेल, पाणी बदलत राहा. मग हलकेच टिपा, चोळू नका, स्वच्छ न चिकटणाऱ्या कापडाने सैलसर झाका, चाटू देऊ नका आणि दवाखाना गाठा. फोड फोडायचे नाहीत. लोंबणारी कातडी ओढायची नाही.

निवांत_नाना:
बर्फ लावला तर?

मलमपट्टी:
नाही हो नाना. बर्फाने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आधीच भाजलेल्या कातडीचं अजून नुकसान होतं. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई, काही काही नाही. डॉक्टरांना आधी ते सगळं धुऊन काढावं लागतं आणि ते धुताना प्राणी किती ओरडतो ते आम्ही ऐकतो.
आणि घरातली वेदनाशामक गोळी चुकूनही द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉल मांजराला तर एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. प्राण्यांची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर वजन बघून देतात.
गादी भाजली की भरायला काही आठवडे जातात, कारण प्रत्येक पावलाला त्याच जखमेवर भार पडतो. तोवर ड्रेसिंग, चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर, आणि वैतागलेलं कुत्रं.

बोकोबा:
मांजरवाल्यांनी काय करायचं? आमचा मन्या दुपारी शेजारच्या पत्र्यावर जाऊन येतो आणि मला पट्टाबिट्टा शक्य नाही, त्याने माझे डोळे काढले असते.

शेपटीवाला:
मांजर स्वतःचं स्वतः बघतं बहुतेक वेळा, पत्र्याची सावलीतली कड त्याला बरोबर माहीत असते. धोका असतो तो उडी मारण्यात. खाली काय आहे ते कळायच्या आत तापलेल्या पत्र्यावर उतरतं. दुपारी खिडकी बंद ठेवा, पहाटे उघडा, एवढाच उपाय. पत्र्यावर जिथे ते उतरतं तिथे जुनं गोणपाट टाकता आलं तर उत्तम.

मलमपट्टी:
आणि मांजर दुखणं लपवतं, लंगडणार पण नाही. उडी मारायचं टाळायला लागलं, वाळूच्या ट्रेमध्ये जायचं टाळायला लागलं, की पंजे बघा.

साधाभोळा:
मी आज दुपारी मुद्दाम खाली जाऊन बघून आलो. आमच्या गल्लीतली चारही कुत्री पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओळीने पसरलेली. शेपटीवाला, घेतलं मागे. त्यांच्यासाठी पाणी ठेवावं म्हणतो, कुठे आणि कसं ठेवलेलं बरं?

शेपटीवाला:
सावलीतच ठेवा, आणि सावली दुपारी कुठे सरकते ते बघून. स्टीलचं भांडं नको, उन्हात आलं की पाणी आणि कड दोन्ही तापतात. जड, पसरट, मातीचं किंवा सिमेंटचं. रोज घासा, पाणी बदला, नाहीतर डासांची सोय होते. तिथवर पोचायला डांबर ओलांडावं लागणार नाही अशी जागा बघा.

लांबकान:
उशिरा आले. सशांचं कोणी विचारलंच नाही! आमचे दोन ससे दुपारी गच्चीत मोकळे असतात.

मलमपट्टी:
लांबकान, दुपारी नको. सशाला कुत्र्यासारखी गादी नसतेच, तळव्याला फक्त दाट केस असतात. त्या केसांनी थोडा आधार मिळतो, पण टाचेचे केस झिजलेले असतील तर खाली उघडी कातडीच असते, आणि भारी जातीच्या सशांच्या टाचा अशाच झिजतात. शिवाय ससा धापा टाकून फारसा गार होत नाही, उष्णता बाहेर टाकतो ती कानांतून, त्यामुळे गच्चीवरच्या उन्हात त्याला पायांच्या आधी उष्माघातच गाठेल. संध्याकाळी उशिरा सोडा, खाली चटई अंथरा, आणि गच्चीला आधी उलटा हात.

लांबकान:
आजपासून दुपारची गच्ची बंद. टाचा बघते लगेच, एकाच्या टाचेवर केस विरळ झालेत असं वाटतंय, फोटो काढून टाकते.